मंगलची काहील

हे मी कुणाजवळ बोललो न्हाय. माझ्या कुकवाचं मालक तवा वारलं हुतं, त्येंना सांगायचा प्रश्नच नव्हता. भणीला सांगिटलं न्हाय, देवाला बी न्हाय — देवाम्होरं हात जोडलं आन् ह्या जागंवर आलो, की मी दुसरंच कायतरी मागतो. तुमास्नी सांगतो, कारण तुमी माझं कोण न्हाय. उद्या रस्त्यात दिसला तरी मला वळखायचं न्हाय.

सुरवात टीव्हीपास्नं करतो. टीव्ही नसता तर हे असंच माझ्यासंगं गेलं असतं.

मी ऱ्हातो लेकीकडं, कोल्हापुरात. मंगल तिचं नाव. तिची खानावळ हाय, शिकायला आलेली पोरं डबं न्हेत्यात. जावई रिक्षा चालवतो. त्येंची एकच पोरगी, आर्या, नववीला. उशिरानं झालेली, म्हणून जरा लाडाची.

संध्याकाळी एक हिंदी सिरेल लागती. जुन्या काळातली सुलताना, दिल्लीच्या तख्तावर बसलेली. बापाला पोरगं हाय, पर बाप म्हणतो, ह्येच्यात दम न्हाय, माझ्यामागं राज्य पोरगीच करंल. झालं — सगळा दरबार डोळं वटारतो. एकेकाचं तोंड तीन-तीनदा दाखवत्यात, ढग फुटल्यावानी आवाज, आन् मधीच साबणाची जाहिरात. शेजारची जुबेदा रोज बघायला येती. "आजी, एक तलवार उपसायला आठवडा घालवला की ओ ह्येनी!" म्हणती. आन् उद्या परत येती.

त्यात एक सावत्र आय हाय. कानात ही एवढी झुंबरं. तिला आपला पोरगा गादीवर बसवायचाय. एक दिवस तिनं सुलतानाच्या सरबतात कायतरी कालवलं. तोंड दाखवलंच न्हाय तिचं, नुस्ता हात. अंगठ्या घातलेला, पेल्यावर धरलेला हात.

मंगल मला भाकरी वाढत हुती. टीव्हीकडं बघून म्हणली, "हात झडू दे भवानीचा!" आन् भाकरी माझ्या ताटात ठेवली. "खा आव्वा, गार व्हतीया."

मी खाल्ली.

तुमी म्हणशीला, ह्यात काय? सिरेलला शिव्या कोण देत न्हाय? खरं हाय. मग गुऱ्हाळाचं सांगायला पायजे.

गडहिंग्लजकडं आमचं गाव. मालकांचं गुऱ्हाळ हुतं. मालक सवता गुळव्या — म्हंजे काहिलीवर बसून रस कधी उतरवायचा ते ठरवणारा. एवढी मोठी काहील, चार पावलं टाकली तर दुसरा काठ. त्यात उसाचा रस आटत ऱ्हायचा, आन् मालक नुस्त्या वासावर सांगायचं, अजून थांबा, न्हायतर उतरवा. जरा लौकर उतरवला तर गूळ बसत न्हाय, जरा उशीर झाला तर करपतो.

माझी जागा खाली. काहिलीखालच्या चुलवाणात, जाळाला उसाचं वाळलं चिपाड सारायचं. लगीन करून आलो तवापास्नं तेच. वर काहिलीच्या ओट्यावर बाईनं पाय ठेवायचा न्हाय, आन् बाई भाईरची, म्हंजे पाळी आलेली, असंल तर गुऱ्हाळाच्या आवारात बी यायचं न्हाय. गूळ नासतो म्हणायची माणसं. कधीतरी मी मान वर करून बघितलं की मालक म्हणायचं, "तू खाली बघ. जाळ कमी पडलाय." वाईट बोलायचं न्हाईत. पर वर कधी बोलावलं न्हाय.

मंगलला बोलावलं.

बारकी हुती तवापास्नं काहिलीजवळ असायची. पाण्याच्या वाटीत पाकाचा थेंब सोडून त्येची गोळी कशी करायची, ती वाटीवर आपटली की टण्ण वाजली पायजे, हे सगळं मालकांनी, तिच्या आण्णांनी, तिला शिकवलं. थोरला पोरगा शिवा बी हुता, पर त्येचं ध्यान गावात. गोळी वाजवायला सांगिटली की त्यो तोंडात टाकायचा. मंगल वयात आली तरी मालकांनी तिला खाली उतरवलं न्हाय. भावकीत कुजबूज व्हायची. मालक कानाडोळा करायचं.

मग मालक दुखण्यानं पडलं. छातीत पाणी झालतं. जायच्या आधी सगळ्यांदेखत बोललं, "काहील मंगलकडं द्यायची. शिवाचा हात जड हाय." म्हंजे बघा, सुलतानाच्या बापावानीच. फकस्त आमच्यात ढग फुटला न्हाय. माझं दीर भिंतीला टेकून बसलं हुतं, त्येनी तंबाखू मळायची थांबवली, एवढंच.

मालक गेलं. दिवसपाणी झालं. उसाची तोड आली, रस कोण आटवणार? दीर म्हणलं, "पोरगी काहिलीवर बसली तर गाव काय म्हणंल? पर दादाचा शब्द हाय. एक काहील करू दे तिला. बसला गूळ, तर माझं तोंड बंद. न्हाय बसला, तर शिवा बघंल, गुळव्या लावंल पगारी." मंगल व्हय म्हणली. सतरा-अठराची आसंल. जरा बी भ्याली न्हाय.

आता इथं माझं गाडं अडतंय. दम खातो जरा.

त्या दिवशी मी खाली चुलवाणाला हुतो, नेमीसारखा. वर ती. खालनं मला तिचं पाय दिसत हुतं, नुस्तं पाय. ओट्यावर इकडनं तिकडं. मळी काढली तिनं, चुना टाकला, मालक टाकायचं तसाच, चिमटीनं. दोन-तीनदा मला वरनं म्हणली, "आव्वा, जाळ कमी कर." मग म्हणली, "आव्वा, आता वाढीव." मी कमी केला. मी वाढवला.

आन् मग वास आला. काय सांगू तुमास्नी? मालकांच्या हातचा वास. जन्मभर त्या वासात बसलेली बाई मी, मला कळंना व्हय? गूळ बसणार हुता. तिचा गूळ झ्याक बसणार हुता.

गडी भाईर पान-तंबाखू खात बसलं हुतं. मंगल वाफा धुवायला गेली — वाफा म्हंजे पाक ओततात त्यो हौद. मी उठलो, ओट्याच्या दोन पायऱ्या चढलो. पहिल्यांदाच. जेवणाच्या डब्यासंगं वाटीत चिंच भिजवून न्हेलती. ती फडक्यातनं काहिलीत पिळली. सगळी.

आंबट पडलं की गूळ बसत न्हाय. लगीन होऊन आलो त्या वरसी सासूनं माझ्या हातातनं लिंबू काढून घेतलं हुतं, गुऱ्हाळावर आंबट आणायचं न्हाय म्हणून. तवापास्नं मला ठावं हुतं.

चिंच कशाला न्हेलती? असं मी लई दिवस मनाला सांगिटलं — आमटीलाच न्हेलती, तिथं काय डोक्यात आलं कुणास ठावं. खोटं हाय. पहाटं भिजत घातली तवाच आमटीला लागंल त्येच्यापेक्षा दुप्पट घातलती.

मी खाली आलो. चिपाड सारलं.

पाक वाफ्यात ओतला. गडी फावडं घिऊन हलवाय लागलं. गार झाला, तरी त्यो काकवीसारखाच. फावड्याला चिकटून लोंबायला लागला. एक गडी म्हणला, "ह्येच्या ढेपा कशानं भरायच्या? भाकरी आणा, लावून खाऊ या!" सगळी हासली. शिवा बी हासला. दीर उठलं, धोतर झाडलं आन् म्हणलं, "बघितलं? झालं समाधान?" मंगल वाफ्यात बोट बुडवून नुस्ती बघत हुती. परत परत बुडवत हुती. चाटून बघायचं मातर तिच्या ध्यानात आलं न्हाय. आलं असतं तर? कुणास ठावं.

हे झालं माझं काम. पर मला सांगायचंय ते ह्येच्या म्होरचं.

त्या दिवशी सांजच्याला गोठ्यात ती माझ्याजवळ आली. रडत नव्हती. म्हणली, "आव्वा, मी सकाळपास्नं भाईरची हाय. कुणाला सांगिटलं न्हाय. सांगिटलं असतं तर काहिलीवर चढू दिलं नसतं. माझ्यामुळंच नासला गूळ. आण्णांचा शब्द घालवला मी."

बघा, त्या वक्ताला तोंड उघडायचं हुतं. दुसरं कोण नव्हतं तिथं, म्हस आन् आमी दोघी. म्या काय केलं? तिच्या डोक्यावर हात ठेवला आन् म्हणलो, "आता कुणाला सांगू नगंस. माझ्यापाशीच ऱ्हाऊ दे."

तेवढ्यासाठी ती आजून माझं उपकार मानती. जावयाला सांगती, नातीला सांगती, "आव्वानं मला झाकून घेतलं. एका शब्दानं बोलली न्हाय." शिवानं पुढं गुऱ्हाळ मोडलं, रान दुसऱ्याला लावून दिलं आन् बायकोच्या गावाला गेला. मला न्ह्यायला आली ती मंगलच. माझं कपडं धुती. गुडघ्याला तेल लावती. ते कशाचं तेल हाय, ते मला ठावं हाय.

खानावळीत ती सगळं करती, हाताला चव हाय म्हणत्यात पोरं. पर पाकाचं कायबी करत न्हाय. संक्रांतीला तिळगूळ दुकानातनं आणती. दिवाळीला पाकातलं लाडू इकत. "माझ्या हातचा पाक बसत न्हाय," हासत हासत सांगती गिऱ्हाइकाला.

का केलं मी? शिवासाठी म्हणून बघितलं, त्येच्या हाताला काम ऱ्हावं म्हणून. मग वाटलं, काहिलीवर बसणाऱ्या पोरीला कोण करून घेणार, तिच्या लग्नासाठी केलं. दोन्ही थोडं थोडं खरं आसंल. पर चिंच पिळताना मला शिवा आठवला न्हाय आन् लगीन बी आठवलं न्हाय. ती वरनं म्हणलेली, "आव्वा, जाळ कमी कर," ते कानात हुतं. मी जन्मभर खाली, आन् माझ्या पोटची पोरगी वर. तेवढंच हुतं.

आता गेल्या म्हैन्यातलं सांगतो, मग झालं.

आर्याच्या शाळेत खाऊचं दुकान मांडायचं हुतं. तिनं ठरवलं शेंगदाण्याची चिक्की करायची. गूळ चिरला, पातेलं ठेवलं, फोनवर बघून पाक कराय लागली. मंगल भाईरनं आली आन् ओरडली, "आगं बये, तू भाईरची न्हवं? सर लांब! पाक नासवतीस काय?"

आर्या काय ऐकती व्हय! "आई, तसलं काय नसतंय. शाळंत सांगिटलंय बाईंनी. गुळाला काय कळतंय?"

"मला सांगती? माझ्या हातनं अख्खी काहील नासलीया. भावकीदेखत. आण्णांचा शब्द मातीत घातला मी. उगंच बोलतो व्हय मी?"

मंगलचा आवाज कापत हुता. इतक्या वरसांनी. आर्यानं आयकडं बघितलं. मग माझ्याकडं वळली. पातेल्यात पाक रटरटत हुता, टीव्हीवर त्या सावत्र आयला साखळ्या घालून दरबारात आणलं हुतं, जुबेदा म्हणत हुती, "घावली बघा आजी, घावली!" आर्यानं मला इचारलं, "आजी, तू हुतीस न्हवं तिथं? तू सांग. खरंच आईमुळं नासलं हुतं?"

दोघी माझ्याकडं बघत हुत्या. मंगल बी. पोरीच्या हातात चमचा, चमच्याच्या टोकाला पाकाचा थेंब. चांगला पाक झाला हुता. मला हितनं वास येत हुता.

मी म्हणलो, "व्हय. नासलं हुतं."

आर्यानं चमचा खाली ठेवला. मंगलनं गॅस बंद केला आन् पातेलं न्हिऊन मोरीत ओतलं.

ती सिरेल आजून चालू हाय. सावत्र आय मेली त्यातली, आता दुसरीच कोण आलीया. परवा आम्ही सगळी बघत बसलो हुतो. आर्या भाईरची हुती, आपणहून दाराजवळ जाऊन बसली, बारकी चटई घिऊन. मंगलनं अजून कायबी सांगिटलं नव्हतं. तिथनं तिला ऐकू येत नव्हतं.

"आजी, आवाज वाढीव की," म्हणली.

मी वाढवला.