शिक्षा म्हंजे शिक्षाच

“धरा! धरा त्याला! अरे खुळ्या, फाटकाकडं काय बघतोयस, तो गच्चीवरनं पळाला!”

जयपूरच्या सोडाला भागातल्या आमच्या नव्या बिल्डिंगमध्ये माझं सामान चढत होतं. लोखंडी कपाट घेऊन दोन हमाल दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आले होते आणि कपाटाला मागून टेकू द्यायला मी होतो. हाक ऐकताच दोघांनी कपाट माझ्या अंगावर सोडलं आणि चोर पकडायला गच्चीकडे धूम ठोकली. ते कपाट मला घेऊन तळमजल्यापर्यंत गेलं. वाटेत एक सायकल आणि एक तुळशीची कुंडीही आमच्यात सामील झाली. वर जाऊन बघतो तर चोर नाही, पोलीस नाही. उघड्या दारातून टीव्ही दिसतोय आणि त्याच्यासमोर पदर खोचून, हातातली उलथणी इन्स्पेक्टरवर रोखून एक बाई उभ्या आहेत. त्या म्हणजे इंदुकाकू चौगुले.

“नवीन आलायस व्हय? बस. खून झालाय,” त्या म्हणाल्या आणि माझ्या हातात भडंगाची वाटी दिली. कपाटाखालून निघालेल्या माणसाचं इतकं गोड स्वागत उभ्या राजस्थानात झालं नसेल.

काकू मूळच्या कोल्हापूरच्या. विमा कंपनीतल्या काकांची बदली झाली म्हणून जयपूरला आल्या आणि राहूनच गेल्या. भाषा मात्र त्यांनी तिकडची सांडू दिली नव्हती. कोल्हापूरच्या बायका बोलतात तशा त्या स्वतःबद्दल ‘मी जातो, मी करतो’ असंच बोलायच्या. हिंदीतही तेच. भाजीवाल्याला “मैं कल लेके गया था ना भैया” असं ठणकावलं की तो बिचारा मागे कुणी पुरुष उभा आहे का ते बघायचा. आता त्या मुलीकडे साताऱ्याला असतात आणि आमची बिल्डिंग दर शनिवारी आठ वाजता कानात बोट घालून बघते, ऐकू येणं बंद तर झालं नाही ना म्हणून.

कारण शनिवारी आठला ती तपासाची मालिका लागायची. काकूंचा आवाज काय सांगू! त्यांनी ‘खुनी!’ म्हटलं की पार तीस किलोमीटरवरच्या बगरू गावात वाळत घातलेली छापाची कापडं फडफडायची आणि सिविल लाइन्समधल्या बंगल्यांवरचे पहारेकरी टोप्या सारख्या करायचे. एकदा त्या पडद्यावरच्या संशयिताला म्हणाल्या, “मेरे को सब मालूम है! चुपचाप कबूल कर!” नेमका तेव्हा दूधवाला दारात उभा. त्याने चरवी खाली ठेवली आणि हात जोडून सांगितलं, “माताजी, बस एक लोटा पानी मिलाता हूँ.” दुसऱ्या दिवसापासून आमच्या चहावर साय धरायला लागली.

तपासाची त्यांची स्वतःची शास्त्रं होती. “जो चहाला नको म्हणतो, त्याच्या पोटात काहीतरी आहे.” “जो आल्याआल्या रडतो, त्याचं सोड. जो रुमाल काढून मग रडतो, त्याला धर.” हे नियम बिल्डिंगला इतके भिनले होते की काकूंनी चहा विचारला तर भर मे महिन्यातही कुणी नाही म्हणायचं नाही.

हळूहळू शनिवारी त्यांच्याकडे सगळी बिल्डिंगच जमायला लागली. सतरंजी अंथरलेली, मधे भडंगाचं पातेलं, मुलं पुढे, म्हातारी मागे. काका गेल्यापासून एरवी आठवडाभर त्या घरातून फोडणीचा काय तो आवाज यायचा. त्याची सगळी भरपाई काकू शनिवारी करायच्या.

आणि इथेच माशी शिंकली. चौथ्या मजल्यावर भंवरसिंहजी राहायला आले. निवृत्त थानेदार, मिशा अशा की दोन्ही टोकांना एकेक लिंबू टांगावं. आल्याआल्या बिल्डिंगचे अध्यक्ष झाले आणि कुणीतरी त्यांच्याकडे काकूंच्या आवाजाची तक्रार केली. एका शनिवारी ते ऐन मालिकेच्या वेळेला दारात.

“भाभीजी, अगले हफ़्ते से चिल्लाना बंद, टीवी की आवाज़ भी बंद. कान में ईयरफ़ोन की मशीन लगाके देखिए.”

“कानात बोंडं घालून?” काकू माझ्याकडे वळल्या. “आणि मग ही सगळी मंडळी काय माझं तोंड बघत बसणार? त्यापेक्षा सरळ सांगा की, एकटी बस म्हणून.”

मी त्याचं हिंदी केलं, एकटी बसण्याचा भाग जरा जोरात. थानेदार मिशीत हसले. “सुना है आप खूनी पहले ही बता देती हैं. आज पहले ब्रेक तक बता दीजिए. सही निकला तो जितना चाहे चिल्लाइए. ग़लत निकला तो मशीन.”

“लागली पैज! बसा. चहा घेणार?”

थानेदार “नहीं” म्हणाले. सगळ्या सतरंजीने त्यांच्याकडे संशयाने पाहिलं.

त्या दिवशीचा खून एका म्हाताऱ्या शाळामास्तरांचा होता. संशयित तिघे. मास्तरांचा भाऊ, त्यांचा भाडेकरू आणि जुना विद्यार्थी, जो आता मोठा कारखानदार झालेला. भाऊ आल्याआल्या रडला. भाडेकरूने दोन कप चहा घेतला. मग कारखानदार आला, मास्तरांच्या फोटोला हार घातला, फोटोतल्या पायांना हात लावला आणि भरल्या गळ्याने म्हणाला, “मास्टरजी ने मुझे जो शिक्षा दी, उसे मैं मरते दम तक नहीं भूलूँगा.”

“मिळाला!” काकू अशा उसळल्या की भडंगाचं पातेलं एक वीत वर जाऊन परत जागेवर बसलं. “ऐकलंत? शिक्षा दिली म्हणतोय! मरेपर्यंत विसरणार नाही म्हणतोय! अरे, तोंडानं कबूल केलंय लेकानं! साहेब, हाच!”

माझी मुलगी तन्वी जयपुरातच शिकलेली. तिने अडखळत सांगितलं, “काकू, ती शिक्षा नाही. मतलब… हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. पढ़ाई. आपली शिक्षा म्हणजे इकडे सज़ा.”

पहिल्यांदा कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सतरंजीच हसायला लागली. काकूंचा चेहरा पडला. इतकी वर्षं जयपुरात काढली, पण बाजारात कुणी मास्तरांबद्दल असं बोलतंय कशाला! थानेदार मात्र हसले नाहीत. “भाभीजी, ब्रेक अभी हुआ नहीं है. नाम बदल लीजिए.”

“बदल ना काकू,” मी कुजबुजलो. “भावाचं नाव घे. भाऊच वाटतोय.”

“मी एकदा बोट दाखवलो की दाखवलो,” काकू म्हणाल्या. “ज्या मास्तरांनी शिकवलं, त्यांनी शिक्षाही केली नसेल कशावरून?”

पुढचा अर्धा तास आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी श्वास घेतला असेल तर तो चोरून. जाहिरातींत एरवी पोरं पाणी प्यायला उठायची, त्या दिवशी कुणी हललं नाही. इन्स्पेक्टर भाडेकरूला सोडतो, भावावर गुरकावतो, भावाच्या खोलीत रक्ताचा सदरा सापडतो. काकू भिंतीला टेकून उभ्या, उलथणी मुठीत, पण तोंडातून शब्द नाही. काकू गप्प आहेत हे बघून एक लहान पोर रडायला लागलं.

आणि शेवटच्या प्रसंगात इन्स्पेक्टर कारखानदारासमोर येऊन थांबला. सदरा भावाच्या खोलीत कुणी टाकला ते त्याला कळलं होतं. कारखानदाराने रुमाल काढला, मग रडला. “पूरे स्कूल के सामने मुर्गा बनाया था मुझे! चोरी मैंने की ही नहीं थी!”

“पकड़ लियो! पकड़ लियो!” अशी एक डरकाळी उठली की वरचा पंखा उलटा फिरला असता. ती काकूंची नव्हती. भंवरसिंहजी सतरंजीवर उभे राहून नाचत होते. “कमाल कर दियो, भाभीजी! कमाल!” खालून चौकीदाराने शिट्टी मारली, शेजारच्या बिल्डिंगमधून कुणीतरी ओरडलं, “अरे कौन चिल्ला रहा है?” आणि आम्ही सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, “अध्यक्षजी!”

“शिक्षा म्हंजे शिक्षाच!” काकू सगळ्यांना भडंग वाढत सुटल्या. “तुमच्या हिंदीला काय कळतंय!”

गर्दी ओसरली तेव्हा थानेदार घाम पुसत खुर्चीवर बसले. स्वतःहून चहा मागितला. बशीत ओतून घेतला, फुंकला, आणि पैज हरलेल्या माणसाच्या नम्रपणाने विचारलं, “मशीन की बात ख़तम, भाभीजी. पर एक बात बताइए. टीवीवाले तो सुनते नहीं. आप इतना चिल्लाती किसके लिए हैं?”

काकू वाट्या एकात एक घालत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

“हमारे ये देखते देखते सो जाते थे.”