वेळ अकरा, भाव बोहनीचा

सेलूच्या बाजारातल्या वांग्यांसाठी मी पुण्याहून वर्ध्याला गेले होते, असं सांगितलं की लोक हसतात. पण खरंच तसं झालं.

माझी नोकरी सरकारी आकडेवारीच्या खात्यात आहे. गावोगावच्या बाजारांतून दर आठवड्याला भाव गोळा होतात आणि त्यांवरून महागाई किती वाढली ते काढलं जातं. सगळीकडे हे काम एकाच पद्धतीने व्हावं म्हणून आमच्या तीन जणांच्या गटाने एक नियमपुस्तिका लिहिली. कोणत्या विक्रेत्याकडे जायचं, मालाची प्रत कशी ठरवायची, किती वाजता विचारायचं, सगळं त्यात आहे. ‘वेळ : सकाळी अकरा ते दुपारी एक’ ही ओळ माझी.

मागच्या हिवाळ्यात तपासणी करताना सेलूचा आलेख डोळ्यांत भरला. आजूबाजूच्या बाजारांत भाव चढले की तिथेही चढायचे, उतरले की उतरायचे, पण सेलूची रेघ कायम थोडी खाली. साहेब म्हणाले, “भाव गोळा करणारा माणूस घरी बसून भरत असणार. शेजारच्या बाजाराचे आकडे घ्यायचे, थोडे कमी करायचे, झालं.” त्या माणसाचा करार दर वर्षी वाढवला जातो. यंदा वाढवायचा की नाही हे माझ्या अहवालावर ठरणार होतं. न बघता कुणाचं काम काढून घेणं मला जमेना, म्हणून मी जाते म्हटलं. एक दिवस रजेचा जोडला, गिरडचा दर्गा बघायचा होता. (खाली माणसांची नावं बदलली आहेत.)

पुण्याहून रात्रीची गाडी धरली की दुसऱ्या दिवशी वर्धा. उतरल्यावर आधी तर्री पोहे खा. तर्री जपून मागा, मी धीटपणे “जास्त द्या” म्हटलं आणि पुढचा तासभर नाक पुसत होते. राहायला मी सावंगी मेघेला गेले. तिथे मोठं हॉस्पिटल असल्याने पेशंटच्या नातेवाइकांसाठीच्या साध्या, स्वच्छ खोल्या भरपूर आहेत, शहरातल्या लॉजपेक्षा स्वस्त. गरम पाणी बादलीने मिळतं आणि शेजारच्या खोलीतले लोक न विचारता तुमच्या पेशंटची चौकशी करतात. माझा कुणी पेशंट नाही म्हटल्यावर एक आजी जरा नाराजच झाल्या.

संध्याकाळी भोयरजींना फोन केला. सेलूचे भाव हेच गोळा करतात.

“या ना जी, मॅडम. उद्या बाजारच हाय. साडेसातले एस्टी स्टँडवर उभा राह्यतो.”

“साडेसात? पण वेळ अकराची आहे ना?”

मग ते म्हणाले, “या त खरं. मंग सांगतो.”

फोन ठेवल्यावर मला वाटलं, साहेबांचं बरोबर होतं की काय.

सकाळची एस्टी वर्ध्याहून पाऊण तासाच्या आत सेलूला पोचवते, बायकांना अर्धं तिकीट. रस्ता चांगला आहे. दोन्ही बाजूंना तुरीची पिवळी फुलं आणि बोंडं फुटलेली कपाशी. स्टँडवर भोयरजी उभे होते, साठीच्या जवळचे, पांढरा शर्ट, खांद्यावर दुपट्टा, हातात कापडी पिशवी. त्यांची चार एकर शेती आहे, हे काम जोडीला.

बाजार नुकताच मांडला जात होता. बायका पोत्यांवर ढीग रचत होत्या, आणि माझ्या लक्षात आलं की पाच-सहा जणी चक्क आमच्याकडे बघत थांबल्या होत्या.

“आले, भाववाले आले!” एकीने हाक दिली. “काऊन जी, आज उशीर? वाट पाहू-पाहू माहे हात आखडून राह्यले.”

“तुहे हात रोजच आखडते, कुसुमबाई. वांगे कसे?”

“तुमाले तीस.”

“पाव किलो दे.”

कुसुमबाईंनी पाव किलो तोललं, वर एक वांगं टाकलं, भोयरजींच्या हातून आलेले पैसे कपाळाला लावले आणि तराजूला टेकवले. मग शेजारच्या बाईकडे, तिथे पाव किलो टमाटे. मग सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर. प्रत्येकीकडे थोडं काहीतरी विकत घेत, भाव खिशातल्या वहीत लिहीत ते पुढे जात होते. अर्ध्या तासात पिशवी भरली.

“हे सगळं रोज घेता?”

“बाजाराच्या दिवशी. बोहनी हाय ना, मॅडम.” ते संकोचून हसले. (बोहनी म्हणजे दिवसाची पहिली विक्री, आपली भवानी.) “पहिल्या वर्षी सहज सकाळी आलो, कुसुमबाईकडून घेतलं. तिचा माल दुपारपर्यंत सफाचट. तवापासून सगळ्या म्हनतात, भोयरजीच्या हाताची बोहनी पायजे. आता नाई गेलो त वाट पाह्यतात बिचाऱ्या.”

साडेअकराला, ते चहाला बसले असताना, मी एकटी पुन्हा कुसुमबाईंकडे गेले. वांगी चाळीस.

“सकाळी तीस होती ना?”

“ते बोहनीचं होतं, ताई. पहिल्या गिऱ्हाइकाले कमी करूनच द्या लागते, त्याले वापस नाई धाडत. भोयरजी असो का कोनी असो.” मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, “तुमी पुन्याच्या ना? त्यायचं काम बंद करायले आल्या का?”

मी अर्धा किलो वांगी घेतली, चाळीसच्या भावाने.

तर रेघ खाली असण्याचं कारण हे होतं. आकडे घरी बसून भरलेले नव्हते, एकेक भाव बाजारात उभं राहून विचारलेला होता. फक्त वर्षानुवर्षं प्रत्येक विक्रेत्याचं पहिलं गिऱ्हाईक भोयरजीच होते.

पण मग आमच्याकडच्या नोंदींत वेळ अकराची कशी? ते दुपारी त्यांच्या घरी कळलं. त्यांच्या बायकोने, वहिनींनी, सकाळच्याच भाज्यांची आलू-वांग्याची रस्सा भाजी आणि ज्वारीच्या भाकरी केल्या होत्या. (“बाजाराच्या दिवशी आमच्या घरी काय शिजते ते सरकार ठरवते,” त्या वाढताना म्हणाल्या.) जेवण झाल्यावर भोयरजींनी मोबाइल पुढे केला.

“हे पाहा. साडेसात टाकतो.” त्यांनी भाव भरायच्या ॲपमध्ये वेळ टाकली. लाल अक्षरांत आलं, ‘वेळ अमान्य’. “अकराच्या आधीचं घेतच नाई हे. दोनदा वर्ध्याच्या हापिसात सांगतलं. ते म्हनले, अकरा टाका न मोकळे व्हा. मंग अकरा टाकतो. पन खोटं लिहायले मन होत नाई, म्हनून खरं इथं लिहितो.” आणि त्यांनी शाळेच्या वह्यांचा गठ्ठा आणून ठेवला.

वह्यांत प्रत्येक बाजाराची तारीख, प्रत्येक भाव आणि पोचल्याची खरी वेळ होती. ७.३५, ७.४०, ७.३०. मी पानं उलटत गेले. एका पानावर ११.२० दिसलं, पुढच्या आठवड्यात ११.४५.

“हे काय?”

“पोरीचं लग्न होतं. पाहुन्यायच्या गडबडीत सकाळी जमलं नाई. बायांनी मले नुसत्या शिव्या देल्ल्या.”

त्या दोन आठवड्यांचे भाव बाकीच्यांपेक्षा ठळकपणे चढे होते. ते आकडे मला ओळखीचे वाटले. मी लॅपटॉप उघडला. सेलूच्या यादीत ते दोन आठवडे लाल होते, पुढे शेरा होता, ‘अवास्तव उडी, वगळले’ आणि शेऱ्याखाली माझं नाव.

आमच्या नियमाप्रमाणे अगदी बरोबर वेळी घेतलेले सेलूचे भाव या वह्यांत ते दोनच होते. आणि तेवढेच मी चुकीचे म्हणून खोडले होते.

वहिनींनी चहा आणला. मी भोयरजींना ते दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ स्क्रीनकडे पाहिलं आणि मग खो खो हसले. मला हसू येत नव्हतं.

“मॅडम, एक विचारू? माहं काम राह्यते का जाते?”

“मला माहीत नाही. मी जे पाहिलं ते सगळं लिहिणार. अकरा खोटं होतं, हेसुद्धा.”

त्यांनी वह्यांचा गठ्ठा नीट लावला. मग म्हणाले, “लिहा. खरंच हाय ते. पन कुसुमबाईचं नाव नका टाकू. तिले वाटन, तिच्या तोंडून निंगालं म्हनून माहं काम गेलं.”

दुसऱ्या दिवशी गिरडला एकटीच गेले. दोन बस बदलाव्या लागतात आणि मधे वाट बघावी लागते, त्यामुळे सकाळी लवकर निघा, पाणी बरोबर ठेवा. टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. पायऱ्या सोप्या आहेत, चाळिशी उलटलेल्या गुडघ्यांनाही. वर हिंदू-मुसलमान सगळे येतात, कुणी नवस फेडायला, कुणी नुसतं वाऱ्याला. मी तिसऱ्या प्रकारातली, हिशोब जुळवायला आलेली. खालची शेतं बघत बसले.

महागाई मोजताना वांगी किती रुपयांना आहेत यापेक्षा ती किती वाढली हे महत्त्वाचं असतं. भोयरजी दर वेळी बोहनीलाच गेले, म्हणून त्यांची रेघ खाली असली तरी चढउतार खरे होते. उद्या मी त्यांना नियमाप्रमाणे अकराला पाठवलं तर सेलूत एका आठवड्यात सगळी भाजी महाग झाल्याचं दिसेल, आणि सेलूतल्या एकाही स्वयंपाकघराला त्याचा पत्ता नसेल. उलट बोहनीचा भाव दिवसभराच्या गिऱ्हाइकांना मिळत नाही, हेही खरं. एका बाजारावरून आणि दोन आठवड्यांच्या चुकार आकड्यांवरून मी फार मोठं काही ठरवतेय का? आणि मला भोयरजी आवडले म्हणून मला त्यांचे आकडे आवडतायत का? हा शेवटचा प्रश्न टेकडीवर सुटला नाही. म्हणून ठरवलं की माणसाबद्दल काही लिहायचंच नाही, फक्त वह्यांबद्दल लिहायचं.

आणि अकरा का? खूप आठवून पाहिलं. बैठकीत कुणीतरी “मग वेळ काय ठेवायची?” विचारलं होतं, मी “अकरा ठेवू” म्हटलं होतं. आमचं कार्यालय दहाला उघडतं, तासाभरात माणूस बाजारात पोचतो. याहून मोठं कारण नव्हतं.

येताना वर्ध्याहून गोरसपाक आणला, तुपात भिजल्यासारखी ती बिस्किटं पुण्यापर्यंत पोचली तर नशीब. माझी अर्धीच पोचली. अहवाल मात्र सात पानी झाला. सेलूत वेळ चुकीची नोंदवली गेली, भाव खरे होते. वेळेचा रकाना खरी वेळ स्वीकारत नाही, तो उघडा करावा. वगळलेले दोन आठवडे माझी चूक आहे, ते परत घ्यावेत. सहा महिने सगळ्या बाजारांत सकाळी आणि अकराला, दोन्ही वेळांना भाव घ्यावेत, म्हणजे फरक कळेल आणि जुनी रेघ नव्या रेघेला जोडता येईल. त्यानंतर सगळीकडे एकच वेळ.

साहेबांनी ‘माझी चूक’ या शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारली, “हे लिहायलाच हवं का?” विचारलं, मी हो म्हटलं, त्यांनी सही केली. भोयरजींचा करार वाढला.

पण ते शेवटचं वाक्य मला टोचत राहिलं. एकच वेळ म्हणजे अकरा, आणि सकाळची फेरी बंद. तीही माझ्याच हाताने. त्यांना हे कागदावरून कळण्याआधी मी सांगावं म्हणून फोन केला आणि अडखळत सांगितलं, की सहा महिन्यांनी सकाळी जायची गरज राहणार नाही, बायका वाट बघतील याची मला कल्पना आहे, मला वाईट वाटतं.

“बाप्पा, मॅडम, त्याच्यात काय वाईट वाटून घेता?” भोयरजी म्हणाले. “फेरी सरकारची बंद होईन. माही थोडीच होनार हाय?”

पाठीमागून वहिनींचा आवाज आला, “मॅडम, त्याहिले सांगा, दुपारी तरी वांगे आनू नका.”