वणाच्या डोंगराचा दगड

सोनपेठच्या अलीकडे एक ठेंगणा, काळा डोंगर आहे. देवी येऊन गेलेल्या तोंडावर वण राहतात, तशी त्याच्या दगडाला बारीक भोकं आहेत. म्हणून तो वणाचा डोंगर. त्या दगडाचं जातं लवकर गुळगुळीत होत नाही. निजामाच्या अमदानीत, आमच्याकडं गिरणी आली नव्हती तेव्हा, चार गावांचं पीठ याच दगडातून पडायचं.

त्या जात्यांना टाकी लावणारी, छिन्नीनं दळायच्या खाचा पाडणारी, धुरपताबाई पाथरवटीण. नीलम्मा वाणिणीच्या घरी दर लग्नाला हळद दळायचं जातं वीस वर्षं तिनंच घडवलं. त्या मानापोटी मिळालेली चोळी घालून ती बाजारातून मुद्दाम सावकाश चालायची.

मग धाकटी जाऊ आली, चतुराबाई. हात हलका, टाकीचे टाके एकसारखे. नीलम्मानं लेकीच्या, बसम्माच्या, लग्नाचं जातं तिला सांगितलं आणि ते धुरपताला सलू लागलं.

चतुरा या डोंगराला नवखी; तिनं गाढवावर लादून दगड आणला. "आक्का, बगा बरं, बरा हाय का?"

धुरपतानं त्यावर हात फिरवला. दगड डोंगराच्या उगवतीकडचा होता. तिकडच्या भोकांत पांढरी गार, काचेसारखी खडी, भरलेली असते. दळताना ती सुटते, कचकच करते. बोटांना ते लगेच कळलं.

"लय येळ बगायलाव, आक्का?"

"लय चांगला हाय. घाल टाकी."

हळदीच्या दिवशी हळदीत उतरलेल्या गारेच्या कणांनी बसम्माच्या गालावर लाल ओरखडे उठले. बोलावणं जायच्या आधीच धुरपता टाकी-हातोडी घेऊन दारात हजर.

"तुला कुणी सांगितलं गं इतक्यात?" नीलम्मानं विचारलं.

चतुरा रडत म्हणाली, "आक्का, तुमाला दावला व्हता की दगड! तुमीच चांगला म्हणलाव."

धुरपतानं टाकी-हातोडी पदराखाली घेतली.

"वीस वर्सं हा दगड वळखतीस तू," नीलम्मा म्हणाली. "माज्या लेकीच्या तोंडावर राग काढलास व्हय?" मग चतुराकडं वळली. "घरातलं जुनं जातं घे. टाकी तूच लाव."

धुरपताला कुणी जा म्हणालं नाही, बस म्हणालं नाही. ती ओट्याखाली उभी राहून ऐकत राहिली. टक, टक, टक. एकही घाव चुकेना.

पुढं ती बरीच वर्षं गावोगाव फिरली; त्या घरची हळद मात्र तिला पुन्हा मिळाली नाही. चतुराचं नाव निघालं की म्हणायची, "हात बरा हाय तिचा. पर मधी मधी टाका खोल पडतोय." चतुरानं घडवलेली कितीतरी जाती तिनं बोटांनी चाचपली होती. तसा टाका तिला एकही सापडला नव्हता.