अक्षता पडल्या तो माणूस

माझ्या बायकोच्या मामांइतका दारूचा वास ओळखणारा आणि दारूची चव मुळीच न ओळखणारा दुसरा माणूस उभ्या वऱ्हाडात झाला नाही. समोर कोणी आलं की जग रामराम करतं. मामा आधी हुंगायचे. वास आला नाही तर रामराम, आला तर व्याख्यान, आणि व्याख्यानापेक्षा वास परवडला अशी लोकांची अवस्था होत असे. माझ्या लग्नात मी नवरदेव म्हणून वेशीवर उतरलो, तेव्हा गळ्यात हार पडण्याआधी मामांचं नाक माझ्या मिशीला टेकलं. मला वाटलं, ही मुलीकडच्यांची काही कुळाची रीत असावी, उगाच अपमान नको, म्हणून मीही त्यांना हुंगलं. तंबाखूचा आणि बैलांचा वास आला. मामा इतके खूश झाले की त्या दिवसापासून सगळ्या जावयांत मी त्यांचा लाडका. एकदा त्यांचा पांढरा बैल व्यापाऱ्याच्या गाडीतली मोहाची फुलं खाऊन आला आणि गोठ्यात डुलू लागला. मामांनी त्याच्यापुढे तिवई मांडून त्याच्या बापजाद्यांची अब्रू, वय आणि पुढचं आयुष्य यांवर सकाळभर व्याख्यान दिलं. बैलानं शेवटी मान खाली घातली. मामा म्हणाले, माणसापेक्षा जनावराला लवकर कळतं.

ती सालं कापसाची होती. सातासमुद्रापलीकडे कुठंतरी लढाई जुंपली होती, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडाला सोन्याचं मोल आलं. लढाई कोणाची, कशासाठी, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. ती लवकर संपू नये, एवढं मात्र लोक देवळात मागून घेत. ज्याच्या घरी पितळेचं भांडं धड नव्हतं त्याच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. मी तेव्हा अकोल्याला एका अडत्याच्या वखारीत मापारी होतो. वखारीत खांबांना पोत्यासारखे मोठाले बोरे टांगायचे, त्यांत रुई ओतायची आणि ती दाबायला आत पोरं उतरवायची. मोठ्या माणसाच्या वजनानं बोरा उसवतो, म्हणून पोरंच. दिवसभर ती आत नाचत, वरून रुई पडत राही. संध्याकाळी बाहेर निघाली की पापण्यांपासून पायांपर्यंत पांढरी, आणि खोकून खोकून बेजार. मग घशातली रुई उतरावी म्हणून प्रत्येकाला मोहाच्या दारूचा एकेक घोट देत. यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. ती रीत होती, ते औषध होतं. पोरगं घरी गेलं की आईसुद्धा विचारी, आज घसा धुतला का रे.

पुढं पोरांच्याही हातात रुपया खुळखुळू लागला, आणि घसा धुण्याची जागा वखारीतून उठून गुत्त्यात गेली. मग झालं असं, की ज्यांनी बोऱ्यात कधी पाय ठेवला नव्हता त्यांच्याही घशात रुई अडकू लागली. मामांची स्वतःची शेती मोर्णा नदीच्या काठाला, घरी खाऊन-पिऊन सुखी. पण हंगाम सुरू झाला की संध्याकाळी ते उपरण्यात गुळाची ढेप बांधून वखारीच्या दाराशी हजर. पोरगं बाहेर आलं की त्याला हुंगायचे, गुळाचा खडा द्यायचे, वर लोटाभर पाणी पाजायचे. गुळानं रुई उतरते, हे खरंच आहे. पोरंही गुणी. गूळ खात, मामांच्या पाया पडत आणि तिथून गुत्त्याकडे जात. गुळानंतर ती जास्त चांगली लागते, असं एकानं मला खासगीत सांगितलं. मी हे मामांना कधी कळू दिलं नाही.

पोरांना सुधारायचे दुसरेही उपाय तेव्हा चालू होते, ते आठवले की आजही थकायला होतं. एक बाप पोराला झोडपत गुत्त्यातून घरी नेई, आणि वाटेत दोघेही एकमेकांना सावरत असत. दुसऱ्याचं म्हणणं, वय आहे, करू द्या, आपणही केलंच की. पंचायतीनं एकदा पोरांच्या बापांना चांगला दंड ठोठावला आणि त्या दंडाची पंचांना जी पंगत दिली तिथं पाण्याचा तांब्या कोणी मांडलाच नव्हता. मामा सगळ्यांशी भांडत. नाही भांडले ते फक्त गुत्तेवाल्याशी, कारण तो त्यांचा लहानपणचा सोबती. दोघांनी एका झाडाच्या चिंचा चोरल्या होत्या. सकाळी दोघे नदीवर एकाच दगडावर बसून दात घासत, आणि त्या वेळात धंद्याचा विषय काढायचा नाही असा करार होता.

शेवटी मामांनी गाडी जुंपली आणि अमरावतीला साहेबाच्या कचेरीत जाऊन बसले. साहेब भेटेपर्यंत तिथल्या झाडून सगळ्या शिपायांना त्यांनी हुंगलं. म्हणूनच बहुधा त्यांच्या नावाची वर्दी साहेबाकडे लवकर पोचली. काही महिन्यांनी अकोल्याच्या बाजारात दवंडी पिटली, गुत्तेवाल्यानं लहान पोरांना दारू देऊ नये, दिल्यास ठेका जाईल. मामा पेढे वाटत सुटले. गुत्तेवालाही कायद्याला मानणारा माणूस. त्यानं तहसीलदारांना एवढंच विचारलं, की लहान म्हणजे कोण?

सगळं इथं अडलं. आमच्याकडे कोणाला स्वतःचं वय ठाऊक होतं? आईला विचारावं तर ती सांगे, ज्या साली थोरली म्हैस मेली त्या साली झाला. तहसीलदारांनी पंच बसवले, त्यांत मामा. कोणी म्हणालं, मिशी पाहावी. दुसऱ्याच दिवशी गाडीच्या वंगणानं मिशा काढलेली पोरं बाजारात हिंडू लागली, त्यांतल्या एकाची तर गालापर्यंत ओघळली होती. कोणी म्हणालं, उंची मोजावी. त्यावर पंचांपैकीच एक ठेंगणे गृहस्थ रागावून उठून गेले. तेव्हा मामांनी घसा खाकरला. ते म्हणाले, वय खोटं सांगता येतं, मिशी खोटी काढता येते, पण लग्न गावाच्या डोळ्यांसमोर होतं. ज्याच्या डोक्यावर अक्षता पडल्या तो माणूस, बाकीचे सगळे पोट्टे. सभेनं माना डोलावल्या. तहसीलदार म्हणाले, वा. मलाही ते त्या वेळी फार शहाणपणाचं वाटलं, आणि मामा तर त्या दिवशी घरी जाताना जमिनीला पाय न लावता चालत होते.

त्या उन्हाळ्यात वऱ्हाडात लग्नांचा जो सुकाळ झाला तो सांगता सोय नाही. पैसा होता, हौस होती. दात पडायचे राहिलेली पोरं घोड्यावर बसली. आपल्याकडे लग्नं लहानपणीच होतात, यात नवं काही नाही, पण कापसानं ती आणखी खाली ओढली. मामांच्या घरीही मामींनी धरणं धरलं, की डोळे मिटायच्या आत नातसून पाहायची. नातू गोविंदा तेव्हा असेल बारा-तेरा वर्षांचा, पतंगामागं उन्हातान्हात हिंडणारा. मामांनी मूर्तिजापूरकडची मुलगी पाहिली आणि असा बार उडवला की आठवडाभर गाव जेवत होतं. मांडवात दारूचा थेंब येऊ दिला नाही, याचाच त्यांना केवढा अभिमान. स्वतःच्या हातांनी आपण त्या पोराच्या डोक्यावर अक्षता टाकतो आहोत, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. कुणाच्याच आलं नाही. लग्न म्हणजे लग्न, आणि कायदा म्हणजे कचेरीतली गोष्ट.

पुढच्या हंगामात एके संध्याकाळी गोविंदा गाडीबरोबर वखारीतून घरी आला. मी मामांशेजारी ओट्यावर बसलो होतो. पोरगं समोर आलं, आणि जन्माच्या सवयीनं मामा पुढं वाकले. मग ते तसेच वाकलेले राहिले. व्याख्यान नाही, काही नाही. पोरगं आत निघून गेलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं. त्या दिवसानंतर मामांनी कुणाचंही तोंड हुंगलं नाही. मला सुरुवातीला बरं वाटलं, आणि मग फार वाईट वाटलं.

सकाळी ते नदीवर गेले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा करार मोडला. गुत्तेवाल्यानं तोंडातली काडी काढून हात जोडले. "तूच म्हनला होता ना, अक्षता पडल्या तो मानूस. मंग त्याले मी कोन्या तोंडानं नाई म्हनू?" मामा तसेच उठले. ते तहसीलदारांकडे गेले. नियम बदला म्हणाले. तहसीलदारांनी विचारलं, सगळ्या तालुक्याचा नियम एका नातवासाठी फिरवायचा का? मामांनी बराच विचार करून तोड सुचवली, की नातसून अजून माहेरीच आहे, नांदायला आलेली नाही, तर तोवर लग्न अर्धंच धरावं. तहसीलदार बिचारे दमलेले होते, कचेरीत त्या वर्षी भांडणं फार. ते नुसते हसले. इकडे घरी गोविंदाच्या बापानं बैलाची पराणी उचलली होती आणि मामींनी अन्न सोडलं होतं. मामांनी मुलाच्या हातातून पराणी घेतली. मारून दारू उतरत नाही, पोरगं तेवढं घरातून उतरतं, असं ते म्हणाले. घरात त्यांना दुसरा उपाय विचारला, तेव्हा ते ओट्यावर जाऊन बसले. पोरगं हातचं जाणार, ही धास्ती त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर उघडी दिसत होती. त्यांचं जेवण तुटलं. असे मामा मला पाहवत नव्हते.

दोन-चार दिवसांनी दिवस कलताना ते माझ्या वखारीत आले आणि म्हणाले, चला जवाईबापू, सोबत द्या. आम्ही गुत्त्यात गेलो. जन्मभर ज्या उंबऱ्याला शिव्या दिल्या तो त्यांनी ओलांडला आणि आत गेल्यावर डोक्यावरचं पागोटं सावरलं, देवळात गेल्यासारखं. लोकांनी आपापले दारूचे द्रोण पाठीमागे सरकवले. गोविंदा कोपऱ्यात आपल्यासारख्याच तीन-चार नवरदेवांबरोबर बसला होता. मामांना पाहून तो उठू लागला, पण मामाच गुडघे धरून त्याच्यासमोर जमिनीवर बसले. मला वाटलं, आता व्याख्यान. मामांनी त्याच्यापुढचा द्रोण बोटानं बाजूला सारला.

मग हळू आवाजात म्हणाले, "तुह्यं लगन म्या लावलं. तुले मानूस बी म्याच ठरवलं. घाई झाली बाप्पा माह्यी. आता येवढं आयक माह्यं. आनखी काई सालं लहानच राह्य."

गोविंदा मान वर करीना. तसाच पुटपुटला, "लोक हासतीन ना आबाजी."

"मले हासतीन. तू लहान हायेस, तुले कोन हासते?"

गुत्तेवाल्यानं पुढं येऊन तो द्रोण उचलला आणि आत नेला. मामांना उठताना गुडघ्यानं दगा दिला, तेव्हा गोविंदानंच हात दिला. तो हात मामांनी सोडलाच नाही. ऐन बाजारातून, मिसरूड फुटू घातलेल्या, लग्न झालेल्या पोराला त्यांनी बोट धरून चालवत नेलं. लोक हसले. पोरानं एकदा हात सोडवून पाहिला, मग राहू दिला. मी मागून चालत होतो आणि माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

गोविंदानं पुढं आयुष्यात कधी ओठाला लावली नाही, असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. मला माहीत नाही, आणि मी विचारलंही नाही. त्या सालांत तो पुन्हा गुत्त्यात दिसला नाही, एवढं खरं. पुढं ती परदेशातली लढाई मिटली, भाव कोसळला, शिंगांच्या शेंब्या सोनाराकडे परत गेल्या, आणि गुत्त्यातली गर्दी आपोआप पांगली. तहसीलदारांना वाटलं, कायद्याचा गुण आला. पंचांना वाटलं, दंडाचा. मामा म्हणाले, पैसा सरला म्हणून सुटलं, आपल्या शहाणपणानं नाही, पुन्हा पैसा आला की पुन्हा हेच होणार. ते खोटं नव्हतं. अक्षतांचा नियम कधी रद्द झाला तेही कोणाला आठवत नाही. तो कागदावर असेल अजून.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. अलीकडे कोणी भेटलं तर लांबूनच हात जोडतं, आणि मला उगाच चुकल्यासारखं होतं. ते गेले त्या दिवशी गोविंदा मोर्णेच्या काठावर ओक्साबोक्शी रडत होता. तेव्हा त्याला स्वतःची लेकरं होती, दाढी होती, गावात मान होता. कोणाचं ऐकेना, चितेजवळून हलेना. जमलेली माणसं आपसांत म्हणू लागली, एवढा मोठा बाप्या, असा रडतो का. मामा असते तर त्यांनी मात्र सगळ्यांना गप्प केलं असतं. म्हणाले असते, रडू द्या त्याले, लहान हाये तो.