लिंक न देणारे उत्तरकाका

उत्तरकाकांना फोरमवर बसायचा पगार मिळत असे, आणि ज्या एका कामासाठी तो मिळे तेवढंच ते करत नसत.

शनिवार पेठेत आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. इंटरनेटवर शोधताना गिऱ्हाइकाची वेबसाइट वर दिसावी म्हणून लोक जिथे एकमेकांना अडचणी विचारतात अशा फोरमवर दोन ओळी लिहायच्या आणि खाली त्याची लिंक डकवायची, हा आमचा धंदा. मी ‘छान माहिती, धन्यवाद’ लिहून दिवसभर डकवत असे. बुधवार पेठेतल्या मिक्सरच्या सुट्या भागांच्या दुकानदाराने बजावलं होतं, दिवाळीपर्यंत पहिल्या पानावर दिसलो नाही तर काम दुसऱ्याला देईन. ते काम गेलं असतं तर माझी नवी नोकरीही गेली असती.

म्हणून साहेबांनी काकांना आणलं. जन्मभर मिक्सर दुरुस्त केलेला माणूस. शर्टाच्या खिशात टेस्टर, दोन बोटांनी टायपिंग. उत्तरं मात्र अस्सल पुणेरी: ‘आपण मिक्सरला दोन चापट्या मारून पाहिल्यात, उत्तम. आता तो उलटा करून तळाचं लाल बटण दाबा.’ खाली लिंक नाहीच. मी भुणभुण लावली की म्हणत, “अगं, तहानलेल्याला आधी पाणी द्यावं. दुकानाची पाटी मागाहून दाखवता येते.”

दिवाळी तोंडावर आली तसा माझा धीर सुटला. काका जेवायला गेले असताना मी त्यांच्या प्रत्येक उत्तराखाली लिंक डकवून टाकली. संध्याकाळपर्यंत फोरमच्या चालकाने जाहिरातबाजी म्हणून त्यांचं खातं बंद केलं, उत्तरांसकट.

मी रडवेली होऊन कबुली दिली. काकांनी चष्मा पुसला आणि चालकाला पत्र लिहिलं: ‘चूक आमच्या ऑफिसची आहे. लिंका काढा, पण उत्तरं राहू द्या. लोकांचे मिक्सर अडलेत.’ माझं नाव त्यात कुठेही नव्हतं.

खातं उघडलं. उत्तरं बंद पडल्यावर लोकांना त्यांची किंमत कळली असावी. काकांनी सांगितलेला भाग कुठे मिळेल, असं कुणीतरी विचारलं आणि एका वाचकानेच दुकानाची लिंक दिली. मग दुसऱ्याने आपल्या ब्लॉगवर दिली, तिसऱ्याने आणखी कुठे. वसुबारसेला दुकान पहिल्या पानावर होतं. साहेबांनी पेढे वाटले. काका म्हणाले, “पेढा बरा आहे. साखर जास्त आहे.”

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात चटणी वाटताना माझा मिक्सर बंद पडला. सवयीने इंटरनेटवर शोधलं, तर पहिलंच उत्तर त्यांचं निघालं. फार बरं वाटलं, आणि डोळेही भरून आले. लाल बटण मला पाठच होतं, म्हणून मी मिक्सर उलटा करायला हात घातला. तेवढ्यात शेवटची ओळ दिसली: ‘घाई करणाऱ्यांसाठी: आधी प्लग काढा.’

मी प्लग काढला.