मशीनला वेस दाखवा

आमच्या दुकानात काढलेले स्क्रू एका डब्यात पडतात. फेकत कुणी नाही, शोधत कुणी नाही, डबा मात्र भरतो. किश्श्यांचंही तसंच. लातुरात क्लासेस वाढले तशी बोटाच्या ठशाची हजेरी मशीनं वाढली. ती मी आणि सलीम बसवायचो. शिडी अन् वायर माझी, कीबोर्ड सलीमचा. मशीनच्या पोटात लिनक्स, म्हणजे छोटा कॉम्प्युटरच. पोरानं बोट टेकवलं की बापाच्या मोबाईलवर हजेरीचा मेसेज, नाही टेकवलं तर गैरहजेरीचा. त्यासाठी मशीनला नेटवर्कवरचा पत्ता लागतो. सगळी भानगड त्या पत्त्याची!

*

लोह्याहून एका क्लासवाल्याचा फोन. "पत्ता टाकून राहिलो, पण हे अक्षरं घेईना!"

सलीम म्हणाला, "आकडे टाका, साहेब. हा पत्ता आकड्यांचाच असतो."

पलीकडं बटणं वाजली. मग, "पिनकोड टाकला. आता?"

सलीमनं फोनवर हात ठेवला. "दादा, पोस्टमन पाठवू का?"

*

लातुरातल्या एका क्लासमधलं मशीन मधूनच गप्प व्हायचं. सलीम पिंग करायचा. आम्ही त्याला हाक म्हणतो. ओ आली की मशीन पत्त्यावर आहे.

मी वैतागून मशीन भिंतीवरून काढलं. वायर सोडली. "मार हाक!"

ओ आली!

मशीन माझ्या काखेत, अन् ओ येऊन राहिली!

"ठेवा ते खाली, दादा. जिन असंल!"

मी ठेवलं नाही. ते घेऊनच सगळ्या खोल्या पाहिल्या. सरांच्या केबिनमध्ये नवा प्रिंटर. त्यालाही तोच पत्ता!

सर म्हणाले, "तुमचा पत्ता लई चांगला चालला होता. म्हणून तोच दिला."

*

नांदेडला सलीमनं मशीनला पत्ता दिला. चहा आला. लाईट गेली. लाईट आली, मशीन पत्ता विसरलेलं. परत दिला, परत लाईट गेली.

मी म्हणालो, "तोंडी सांगितलेलं लाईटीसंगं जातं. मशीनच्या फाईलीत लिही."

"तुम्ही कधी काय लिहिलं का, दादा?" माझी शाळा चौथीपर्यंत, हे त्याला ठाऊक.

"मला गरज न्हाई. मला लाईटीवर चालावं लागत न्हाई."

त्यानं फाईलीत लिहिलं.

*

भूकंपानंतर आमचं गाव नव्या जागी बसवलं. सरळ रस्ते, घरांना नंबर. थोरल्या चुलत्यांनी इंजिनिअरला विचारलं, "घरं झाली. वेस कुठाय?"

"वेस कशाला, काका? गाव चारी बाजूंनी मोकळं हाय."

"मग बाहेर पडायचं कुठून?"

इंजिनिअर हसला. मी हसलो नाही.

*

देगलूरचे मल्लप्पा. त्यांची लेक सुनंदा लातुरात क्लासला. मेसेज बंद पडले तसे ते थेट आले. सुनंदाची ट्रंक भरून क्लासच्या पायऱ्यांवर ठेवली.

"मी रोज बसते वर्गात, बाबा!"

"मशीन कुठं सांगून राहिलं? चल घरी."

मशीन बघायला आम्हीही आलेलो. मी म्हणालो, "थांबा. हे दुरुस्त झाल्याबिगर मी हलणार न्हाई."

"तुम्ही हलू नका. आमची एसटी हाय."

तरी थांबले.

सलीमनं हाक मारली. ओ आली. पत्ता फाईलीत, लाईट गेली तरी कायम. इमारतीत सगळ्यांशी बोलणं चालू. बाहेर मात्र एक शब्द जाईना.

"सगळं बरोबर हाय, दादा," सलीम हात टेकत म्हणाला.

"वेस कोणती दिली?"

"वेस?"

"बाहेर पडायची वाट रे!"

"गेटवे!" सलीम परत कीबोर्डकडं वळला. क्लासवाल्यांनी इंटरनेटचा राउटर बदलला होता. मशीन जुन्याच वेशीकडं धावत होतं, अन् तिथं आता वेस नव्हती. सलीमनं नवी लिहिली.

मल्लप्पांचा मोबाईल वाजला. परत वाजला. थांबेचना! अडकलेले मेसेज ओळीनं येऊ लागले. 'सुनंदा आज वर्गात हजर आहे.' रोजचा एक. मल्लप्पा बोट ठेवून एकेक वाचत होते. चेहरा सैल होत गेला. शेवटचा, आजचा मेसेज त्यांनी दोनदा वाचला.

'सुनंदा आज वर्गात गैरहजर आहे.'

त्यांनी मान वर केली. सुनंदा ट्रंकेवर बसलेली.

"इथं काय करून राहिलीस गं?" मल्लप्पा ओरडले. "गैरहजर लागली की!"