चहाच्या आधी अर्धा तास

जगातलं निम्मं दुःख पोटातल्या ॲसिडमुळे होतं आणि उरलेल्या निम्म्यावर घेतलेल्या गोळ्यांनी पुन्हा ॲसिडच होतं, असं मनापासून मानणारा माणूस मी एकच पाहिला. तो माझा भाचा. सोलापुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात तो शिकाऊ डॉक्टर होता आणि राहायला आमच्याकडे. ताप असो, खरूज असो, नाहीतर बैलाचं शिंग लागलेलं असो, त्याचं पेन कागदाला टेकलं की सगळ्यात आधी ॲसिडिटीची गोळी उतरायची. आजार कोणता ते तो बहुधा नंतर विचारत असावा. एकदा मी त्याचा डबा द्यायला गेलो, तर समोर मोहोळकडचे एक म्हातारे मेंढपाळ बसलेले. "डाक्टर, पाय मुरगाळलाय माझा. पोटाला कायबी झालं न्हाय," असं ते काकुळतीला येऊन सांगत होते. भाच्याने मानही वर केली नाही. "आजोबा, पायाची गोळी पोटातूनच जाती की!" म्हातारबुवांनी चिठ्ठी खिशात घातली आणि मीही डबा ठेवून गुपचूप निघालो.

घरी आलेल्या पाहुण्यालासुद्धा तो बडीशेप द्यावी तशी गोळी द्यायचा. मावशीच्या मुलीच्या लग्नात तर जिलेबी वाढणाऱ्याच्या मागोमाग हा पंगतीत फिरला. स्वतः मात्र कडक भाकरीवर शेंगाचटणीचा ढीग घ्यायचा, वर कच्चं तेल ओतायचा, आणि ड्यूटी संपवून येताना सात रस्ता चौकात उभ्या उभ्या मिरचीची भजी हाणायचा. "तू का रे घेत नाहीस तुझी गोळी?" असं मी विचारलं, तर साळसूदपणे म्हणाला, "मला काय झालंय?" पण एकदा तो मनातलं बोलून गेला. "मामा, मोठे डॉक्टर राउंडला आले की विचारतात, गोळी का लिहिली न्हाय? का लिहिलीस, असं अजून एकानंबी विचारलं न्हाय."

त्याचा सगळ्यात निष्ठावान पेशंट म्हणजे त्याची मामी, अर्थात माझी बायको. ती अंगणात घसरली, मनगट मोडलं. भाच्याने स्वतः उभं राहून प्लास्टर घालून घेतलं, दुखण्याची गोळी लिहिली आणि सोबत आपली ती लाडकी. "मामी, रिकाम्या पोटी घ्या. चहाच्या आधी अर्धा तास." झालं! प्लास्टर निघालं, दुखण्याची गोळी संपली, भाचा शिकून शहरातल्याच दुसऱ्या दवाखान्यात नोकरीला लागला, तिकडेच राहायला गेला, पण अर्धा तास काही संपेना. मी चहा पीत बसायचो आणि ही समोर घड्याळाकडे बघत बसायची. अशी वर्षं गेली.

मग गेल्या साली तिचे हात थरथरायला लागले. पोटऱ्यांत गोळे यायचे. एका सकाळी कप हातातून निसटला, आणि त्याच आठवड्यात तिने भाकरी थापणं सोडलं. मनात मोठमोठ्या आजारांची नावं यायची आणि मला रात्री झोप लागायची नाही. मी घाबरलो होतो.

भाचा धावत आला. रक्त तपासलं तर त्यात मॅग्नेशियम फारच कमी निघालं. त्याने मामीची गोळ्यांची पिशवी पलंगावर उपडी केली आणि एक पाकीट उचललं.

"मामी, ही कशाला घेताय?"

"हात मोडला हुता न्हवं?"

"तो कधीच जुळला की! मग ही कुणी चालू ठेवली?"

"बंद कर म्हून कुणी सांगितलंच न्हाय."

"पण दिली कुणी?"

मामीने त्याच्याकडे मोठ्या मायेने बघितलं. "तूच की रं, बाळा."

माझ्या बोलघेवड्या भाच्याने ते पाकीट स्वतःच्या खिशात घातलं. त्याने आपल्या मोठ्या डॉक्टरांना फोन केला. गोळी फार वर्षं चालली तर असं होऊ शकतं, ती थांबवा आणि मॅग्नेशियम भरून काढा, असं ते म्हणाले. गोळी सुटल्यामुळे पहिले काही दिवस तिच्या छातीत भयंकर जळजळ झाली. हा रोज संध्याकाळी ताक घेऊन हजर. "जळजळंल थोडे दिवस, पण गोळी मागायची न्हाय," असं दटावत तो मामीजवळ बसून राहायचा. हळूहळू हातांची थरथर थांबली. एका दुपारी स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज आला आणि मी बाहेरच्या खोलीत बसून लहान मुलासारखा रडलो. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

आता तो लांबच्या तालुक्याला असतो. तिथे म्हणे येईल त्या पेशंटची पिशवी उपडी करतो आणि "ही कधी बंद करायची, कुणी सांगितलं का?" असं विचारून हाताखालच्या पोरांना हैराण करतो. आमची चटणीची बरणी हल्ली महिनाभर पुरते, आणि ते काही चांगलं वाटत नाही. सकाळी त्याचा फोन येतो. "मामी, चहा झाला का? आधी काय घेतलं न्हाय न्हवं?" ती हसते आणि दोन्ही कप एकदमच भरते. मी अजूनही चोरून तिच्या हाताकडे बघतो. कप हलत नाही.